सेंट लुशियातील रिसॉर्टची पाहणी आणि बेटदर्शन एकाच आठवड्यात कसे साधावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मॉरिशस आणि बाली पाहून झालेल्या आपल्या ग्राहकांसाठी कॅरिबियनमधील सेंट लुशिया हे बेट सुरू करावे, असे आपल्या मनात आहे. या ग्राहकांत नवविवाहित जोडपी आहेत, तशीच आईवडिलांना सोबत नेणारी कुटुंबेही आहेत. त्याआधी आपण स्वतः आठवडाभर जाऊन रिसॉर्टची पाहणी करणार आहात आणि उरलेल्या वेळात प्रेक्षणीय स्थळे पाहणार आहात. तर हा आठवडा कसा आखावा, हे आपल्याला हवे आहे.

माझे पहिले सांगणे असे की, ‘उरलेल्या वेळात’ हा विचार सोडून द्यावा. सेंट लुशियात रिसॉर्ट चांगले की वाईट हे खोलीवरून फारसे ठरत नाही. ते कोणत्या किनाऱ्यावर आहे, विमानतळापासून किती वळणे दूर आहे, डोंगराच्या उतारावर आहे की सपाटीवर, आणि तिथून बेट पाहायला निघाल्यावर दिवसाचे किती तास गाडीत जातात, यावरून ठरते. हे सारे केवळ त्या रस्त्यांवरून स्वतः फिरल्यानेच कळते. म्हणून स्थळदर्शन हाच पाहणीचा निम्मा भाग मानावा आणि रिसॉर्टच्या भेटी त्या वाटेत गुंफाव्यात.

बेटाचा आकार फसवा आहे. क्षेत्रफळ सुमारे 617 चौरस किलोमीटर, म्हणजे नकाशावर पाहिले तर अर्ध्या दिवसात प्रदक्षिणा होईल असे वाटते. प्रत्यक्षात मधला सारा भाग ज्वालामुखीजन्य डोंगर आणि दाट पर्जन्यवन आहे आणि पश्चिम किनाऱ्याचा रस्ता आपल्या आंबेनळी घाटासारखा सतत वळत, चढत आणि उतरत जातो. युरोप-अमेरिकेतून येणारी मोठी विमाने दक्षिण टोकाला व्ह्यू फोर्ट गावाजवळच्या ह्यूअनोरा विमानतळावर उतरतात. बहुसंख्य हॉटेले मात्र उत्तरेला रॉडनी बे आणि ग्रॉस आयलेट परिसरात आहेत. हे अंतर मोटारीने सुमारे दीड तासाचे आहे, आणि राजधानी कास्ट्रीजमध्ये वाहतूक तुंबली तर त्याहून अधिक. राजधानीलगतच्या जॉर्ज एफ. एल. चार्ल्स विमानतळावर फक्त शेजारच्या बेटांहून येणारी छोटी विमाने उतरतात. भारतातून चोवीस तासांहून अधिक प्रवास करून आलेल्या साठीच्या गृहस्थांना त्यानंतर लगेच दीड तास घाटातून न्यायचे की नाही, हा निर्णय आपल्याला घ्यायचा आहे. तो कागदावर घेऊ नये.

म्हणून आपला आठवडा दक्षिणेकडून सुरू करावा. उतरल्या दिवशी थेट सूफ्रिएरला जावे. तो रस्ता साधारण पाऊण ते एक तासाचा आहे. भारताची वेळ तिथल्यापेक्षा साडेनऊ तास पुढे असते, त्यामुळे पहिल्या दिवशी एकाही हॉटेलची भेट ठरवू नये; झोपेने जड झालेल्या डोळ्यांना प्रत्येक गादी उत्तम वाटते. सूफ्रिएर परिसरात तीन रात्री काढाव्यात, नंतर पश्चिम किनाऱ्याने उत्तरेला सरकून तीन रात्री तिथे राहावे आणि परतताना पूर्व किनाऱ्याच्या रस्त्याने, डेनरी आणि मिकू गावांवरून, विमानतळ गाठावा. अशा आखणीत बेटाची पूर्ण प्रदक्षिणा होते आणि कोणताही मोठा रस्ता दोनदा तुडवावा लागत नाही. मुक्काम मात्र रोज बदलू नये. हॉटेल आपल्याला निमंत्रण देईल, विनामूल्य रात्र देईल. ते अवश्य स्वीकारावे, पण निदान एका मुक्कामाचे आरक्षण आपल्या कंपनीच्या नावाचा उल्लेख न करता, पूर्ण दर भरून करावे. पाहुणा म्हणून दिसणारे हॉटेल आणि एजंट म्हणून दाखवले जाणारे हॉटेल यांत फरक असतो, आणि आपले ग्राहक पाहुणे म्हणूनच जाणार आहेत.

सूफ्रिएर ही फ्रेंच राजवटीतील बेटाची जुनी राजधानी. समोर समुद्रातून सरळ वर उठलेले दोन सुळके, ग्रॉस पिटॉन आणि पेटिट पिटॉन, 2004 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. युनेस्कोच्या नोंदीनुसार त्यांची उंची अनुक्रमे 770 आणि 743 मीटर आहे. बेटाची सर्वांत नावाजलेली रिसॉर्ट याच दोन सुळक्यांच्या दर्शनावर उभी आहेत, आणि येथेच आपली पाहणी सर्वांत काटेकोर हवी. शुगर बीच हे रिसॉर्ट दोन्ही सुळक्यांच्या मधल्या खोऱ्यात आहे. तिथला पांढरा वाळूचा किनारा बाहेरून आणलेल्या वाळूचा आहे, कारण या भागाची मूळ वाळू ज्वालामुखीची, करडी आणि काळपट असते. मालदीवची छायाचित्रे मनात ठेवून निघालेल्या जोडप्याला हे आधीच सांगितले पाहिजे. सांगितले तर काळपट वाळूचेही त्यांना अप्रूप वाटते, न सांगितले तर तक्रार येते.

आन्स शास्तने, जेड माउंटन आणि लाडेरा ही तीन ठिकाणे डोंगरउतारावर आहेत. जेड माउंटन आणि लाडेरा यांच्या खोल्यांना समुद्राच्या बाजूची चौथी भिंतच नाही. पलंगावरून थेट पिटॉन दिसतात, वारा आत येतो, आणि त्याबरोबर पाखरे, किडे आणि रात्री बेडकांचा आवाजही येतो. मच्छरदाणी असते, पण बंद खोली आणि थंडगार वातानुकूलन यांची सवय असलेल्यांना पहिली रात्र जड जाते. मधुचंद्रासाठी माझ्या मते या जागांना तोड नाही, मात्र त्या कोणाला द्यायच्या हे जोडप्याशी बोलून ठरवावे. कुटुंबांच्या बाबतीत दोन गोष्टी पाहाव्यात. एक म्हणजे वयाची अट, कारण डोंगरावरची आणि मधुचंद्राला वाहिलेली अनेक रिसॉर्ट लहान मुलांना प्रवेश देत नाहीत. दुसरी म्हणजे पायऱ्या. स्वागतकक्षापासून खोलीपर्यंत, खोलीपासून भोजनगृहापर्यंत आणि भोजनगृहापासून समुद्रापर्यंत स्वतः चालावे, पायऱ्या मोजाव्यात, अंतर्गत वाहन किती वेळाने येते ते घड्याळ लावून पाहावे, आणि हीच फेरी एकदा रात्री जेवणानंतर करावी. गुडघेदुखी असलेल्या आईसाठी हॉटेल निवडताना माहितीपत्रकातील कोणतेही छायाचित्र या फेरीची जागा घेऊ शकत नाही.

खोली दाखवताना विक्री विभाग नेहमी सर्वांत देखणा स्वीट उघडतो. तो पाहावा, पण त्यानंतर आपण जी विकणार आहोत ती सर्वांत खालच्या दराची खोली पाहण्याचा आग्रह धरावा, आणि तीही एक नव्हे. एकाच दर्जाच्या दोन खोल्यांत एकीतून पिटॉन दिसतो आणि दुसरीतून झाडाचा बुंधा, असे येथे सर्रास असते. नळ पूर्ण उघडून पाण्याचा दाब आणि गरम पाणी यायला लागणारा वेळ पाहावा. वीज खंडित झाल्यावर जनित्र पूर्ण हॉटेलला पुरते की केवळ स्वागतकक्ष आणि स्वयंपाकघराला, हे विचारावे. विजेचा दाब आपल्यासारखाच आहे, प्लग मात्र ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पायांचे आहेत. सर्वांत जवळचा डॉक्टर कोण आणि रुग्णवाहिकेला किती वेळ लागतो, हेही लिहून घ्यावे. बेटाचे मुख्य ओवेन किंग ईयू रुग्णालय कास्ट्रीजजवळ आहे, म्हणजे सूफ्रिएरहून तेच घाटातले अंतर.

आता या तीन दिवसांतील स्थळदर्शन. सल्फर स्प्रिंग्ज हे गंधकाचे उकळते झरे सूफ्रिएरपासून काही मिनिटांवर आहेत. विवराच्या जवळपर्यंत गाडी जाते, आणि खालच्या अंगाला कोमट पाण्याची कुंडे व चिखलस्नानाची सोय आहे. आपल्या महिला प्रवाशांना एक सूचना आवर्जून द्यावी: चांदीची जोडवी, पैंजण आणि साखळ्या हॉटेलवर ठेवून जाव्यात, कारण गंधकाच्या वाफेने चांदी काळी पडते. फिकट रंगाचे पोहण्याचे कपडेही नेऊ नयेत. चिखलाचा डाग निघत नाही. जवळच डायमंड वनस्पती उद्यान आणि धबधबा आहे. खनिजांमुळे धबधब्याच्या कातळावर रंगांचे थर चढले आहेत, आणि तिथली स्नानगृहे मुळात 1784 मध्ये फ्रान्सच्या सोळाव्या लुईच्या सैनिकांसाठी बांधली गेली. ज्येष्ठांसाठी हे उद्यान उत्तम, कारण वाट सपाट आणि सावलीची आहे.

ग्रॉस पिटॉनची चढाई वाटाड्याबरोबरच करायची असते आणि ती फों जाँ लीब्र या वस्तीतून सुरू होते. गुलामगिरीतून निसटलेल्या, लढून स्वतंत्र झालेल्या माणसांनी या उतारावर आसरा घेतला होता. वस्तीच्या नावातच मुक्त माणसांची आठवण आहे, आणि तिथले वाटाडे हा इतिहास मनापासून सांगतात. जाऊन-येऊन चार ते पाच तास लागतात. सह्याद्रीत नियमित किल्ले चढणाऱ्याला चढ झेपतो, पण दमटपणा आणि वरच्या टप्प्यातील मोठमोठ्या दगडी पायऱ्या दम काढतात. सकाळी लवकर निघावे. ज्यांना हे जमणार नाही त्यांच्यासाठी टेट पॉलची छोटी निसर्गवाट आहे, जिथून तासाभरात दोन्ही सुळके दिसतात. आपण स्वतः टेट पॉलला जावे; ग्रॉस पिटॉन चढण्यात आपला पाहणीचा अर्धा दिवस जाईल आणि दुसरा अर्धा पाय चेपण्यात. समुद्राखालचे प्रवाळ पाहायचे असेल तर आन्स शास्तनेच्या किनाऱ्यालगतचा भाग चांगला आहे. सूफ्रिएरच्या या किनारपट्टीला 1995 पासून सागरी व्यवस्थापन क्षेत्राचे संरक्षण आहे, म्हणून तिथे मासे अजूनही विपुल दिसतात.

उत्तरेकडे निघाल्यावर कॅनरीज गाव ओलांडले की प्लास कसाव्ह ही छोटी भट्टी लागते, जिथे कसाव्याच्या पिठाची भाकरीसारखी जाड पोळी मोठ्या काहिलीवर भाजतात. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोच हा कंद, त्यामुळे आपल्या प्रवाशांना येथे थांबायला नक्की आवडेल. मात्र काही प्रकारांत मासे घातलेले असतात, ते विचारून घ्यावे. पुढे आन्स ला रे आणि मारिगोचा उपसागर. मारिगोला तीन बाजूंनी डोंगर असल्याने पाणी तळ्यासारखे शांत असते आणि नौका उभ्या असतात. दृश्य अतिशय सुंदर, किनारा मात्र चिमुकला, म्हणून मुक्कामापेक्षा दुपारच्या जेवणासाठी ही जागा मला अधिक योग्य वाटते.

कास्ट्रीजला जाण्याचा दिवस ठरवण्यापूर्वी बंदरात प्रवासी जहाज कोणत्या दिवशी येणार हे पाहावे. मोठी जहाजे असतील त्या दिवशी शहर आणि सूफ्रिएरची स्थळे दोन्ही गजबजतात. जहाज नसलेल्या सकाळी जुना बाजार, डन्स्टन सेंट ओमर यांनी रंगवलेले कॅथेड्रल आणि डेरेक वॉलकॉट चौक एवढे दोन-तीन तासांत निवांत होते. एवढ्याशा बेटाने दोन नोबेल विजेते दिले: 1979 मध्ये अर्थशास्त्रासाठी आर्थर लुईस आणि 1992 मध्ये साहित्यासाठी वॉलकॉट. वॉलकॉट यांनी आपल्या नोबेल भाषणाची सुरुवात त्रिनिदादमधील फेलिसिटी गावातल्या रामलीलेच्या वर्णनाने केली होती, ही गोष्ट आपल्या गटाला त्या चौकात उभे राहून सांगण्याजोगी आहे. सेंट लुशियातही 1859 पासून भारतीय गिरमिटिया मजूर उसाच्या मळ्यांवर आणले गेले; आज इथे रस्तोरस्ती मिळणारी रोटी त्यांच्याबरोबर आली.

उत्तरेकडील पाहणीचे निकष वेगळे आहेत. येथे उतार कमी, किनारे लांब आणि वाळू फिकट आहे. रॉडनी बेचा रेड्युई किनारा, उपाहारगृहे आणि दुकाने पायी अंतरावर आहेत, आणि कुटुंबांसाठी हेच सर्वांत मोठे सुख आहे. पलीकडचे पिजन आयलंड 1972 मध्ये भराव टाकून मुख्य बेटाला जोडले गेले; वरच्या रॉडनी किल्ल्यावरून मार्टिनिक बेट दिसते. ग्रॉस आयलेटमध्ये शुक्रवारी रात्री रस्त्यावर मोठा जल्लोष असतो. तो पाहायलाच हवा, पण त्याच रात्री जवळच्या हॉटेलच्या खोलीत आवाज किती पोहोचतो हेही ऐकावे. क्रिकेटप्रेमी गटाला डॅरेन सॅमी मैदान बाहेरून तरी दाखवावेच; 24 जून 2024 रोजी रोहित शर्माने ऑस्ट्रेलियाविरुद्ध 41 चेंडूंत 92 धावा काढल्या त्या इथेच.

सर्वसमावेशक दराबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ दराचा मोठा हिस्सा मद्याचा असतो. ज्या गटात निम्मी माणसे मद्य घेत नाहीत आणि पाव गट शाकाहारी आहे, तो गट दुसऱ्यांच्या पेयांचे पैसे भरतो. अशा गटासाठी रॉडनी बे परिसरात नाश्ता आणि एक जेवण धरून घेतलेला दर, किंवा लाब्रेलोट उपसागरावरील विंडजॅमर लँडिंगसारख्या ठिकाणी स्वयंपाकघर असलेला व्हिला अधिक समाधान देतो. याउलट सूफ्रिएरच्या डोंगरावरील जोडप्यासाठी जेवण दरात धरलेलेच बरे, कारण रात्री घाट उतरून जेवायला कोणी जात नाही. दर कोणताही घ्या; विमानतळावरून ने-आण, यांत्रिक जलक्रीडा, सेवाशुल्क, कर आणि प्रतिरात्र पर्यटनशुल्क त्यात आहे की नाही, हे लेखी घ्यावे. तिथले चलन पूर्व कॅरिबियन डॉलर असून एका अमेरिकी डॉलरला 2.70 असा त्याचा दर 1976 पासून स्थिर आहे. किंमत कोणत्या डॉलरमध्ये सांगितली जात आहे, हे दर वेळी विचारावे.

शाकाहाराची चौकशी स्वागतकक्षात करून उपयोग नाही. मुख्य आचाऱ्याला भेटावे, स्वयंपाकघर पाहावे, आणि मासे, अंडी, कोंबडीच्या हाडांचा अर्क यांपैकी काय काय त्यांच्या ‘व्हेजिटेरियन’ पदार्थांत जाते हे एकेक करून विचारावे. नीरफणस, कच्ची केळी, भोपळा, रताळी, चवळी आणि नारळ हे सारे बेटावर मुबलक आहे. आचारी उत्साही असेल तर त्यातून रोजचे जेवण उत्तम होते, आणि तो उत्साही आहे की नाही हे दहा मिनिटांच्या गप्पांत समजते. जैन प्रवाशांसाठी सूचना लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी.

समुद्राबाबत एक नियम सोपा आहे: पश्चिमेचा कॅरिबियन समुद्र शांत, पूर्वेचा अटलांटिक खवळलेला. पूर्व आणि आग्नेय किनाऱ्यावर वारा जोराचा असतो, पतंगफळीचे (काइटसर्फिंगचे) खेळाडू तिथे खूश असतात, पण पोहणे धोक्याचे ठरू शकते. शिवाय 2011 पासून सरगॅसम हे तपकिरी समुद्रशेवाळ अटलांटिककडून मोठ्या प्रमाणात वाहून येते आणि मुख्यतः पूर्व किनाऱ्यावर साचून कुजते. व्ह्यू फोर्टजवळची हॉटेले विमानतळाला अगदी लागून आहेत ही त्यांची जमेची बाजू. परतीच्या पहाटेच्या विमानासाठी एक रात्र तिथे ठेवणे शहाणपणाचे आहे, पूर्ण सुट्टी तिथे घालवायची तर वारा आणि शेवाळ पाहून ठरवावे. सर्व किनारे कायद्याने सार्वजनिक आहेत, म्हणून कोणत्याही रिसॉर्टसमोर स्थानिक माणसे आणि फेरीवाले दिसतील. ‘खासगी किनारा’ असे शब्द आपल्या माहितीपत्रकात छापू नयेत.

पाहणीसाठी मे महिना किंवा डिसेंबरचा पहिला पंधरवडा घ्यावा. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत हॉटेले भरलेली आणि महाग असतात, तेव्हा कोणी खोल्या उघडून दाखवायला मोकळे नसते. वादळांचा काळ 1 जून ते 30 नोव्हेंबर. 2010 मध्ये टोमास वादळाने दरडी कोसळून सूफ्रिएरकडचे रस्ते तुटले होते. दिवाळीच्या सुट्टीतील गट या काळातच येतात, म्हणून हॉटेलशी करार करताना वादळामुळे सहल रद्द झाल्यास पैसे परत की तारीख बदल, आणि तो निर्णय किती तास आधी, हे कलम सर्वांत आधी वाचावे. ते कलम नसेल तर दर कितीही आकर्षक असला तरी दिवाळीसाठी ते हॉटेल विकू नये.

शेवटी कागदपत्रे. सेंट लुशियाच्या प्रवेशाचे नियम तिकीट काढण्याच्या वेळी त्यांच्या अधिकृत स्रोतावर पाहावेत. पण आपल्या ग्राहकांचे खरे अडथळे वाटेत असतात. अमेरिकेतून जायचे तर केवळ विमान बदलण्यासाठीही अमेरिकी व्हिसा लागतो. लंडनमार्गे जाताना मुंबईचे विमान हीथ्रोला आणि पुढचे गॅटविकहून असेल, तर सामान घेऊन शहर ओलांडावे लागते आणि त्यासाठी ब्रिटनमध्ये प्रवेशाची परवानगी हवी. लष्करी छाप्याचे कपडे सामान्य माणसांना या बेटावर निषिद्ध आहेत, लहान मुलांच्या विजारीसुद्धा. ही सूचना तिकिटासोबतच द्यावी. आठवड्याला दोन दिवस जोडून मार्टिनिक पाहायचे मनात आले, तर ते फ्रान्सचे असले तरी नेहमीचा शेंगेन व्हिसा तिथे आपोआप चालत नाही, फ्रेंच सागरपार प्रदेशासाठीची नोंद त्यावर लागते. आणि त्रिनिदाद जोडायचे असेल तर निघण्यापूर्वी किमान दहा दिवस आधी पीतज्वराची लस घेऊन पिवळे प्रमाणपत्र जवळ ठेवावे, कारण भारताच्या पीतज्वर यादीत त्रिनिदाद आहे आणि प्रमाणपत्राशिवाय परतलेल्या प्रवाशाला मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते.